नाकाचं ऑपरेशन झाल्यावर: कशाची वाट बघायची आणि कशासाठी धावायचं

नाकाच्या ऑपरेशनची तारीख ठरली की पहिला प्रश्न असतो, "दुखेल का?" बहुतेकांना फार दुखत नाही, साध्या गोळीवर भागतं. जीव मेटाकुटीला येतो तो चोंदलेल्या नाकाने, कोरड्या तोंडाने आणि तुटक झोपेने. त्यात नाकातून कधी लाल, कधी काळपट, कधी पिवळट काहीतरी येतं आणि सगळं घर धास्तावतं. म्हणून इथे दुखण्याबद्दल थोडंच आणि या बाकीच्या त्रासांबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

एक कसोटी आधीच सांगून ठेवतो. आज कसं आहे यापेक्षा कालच्यापेक्षा कसं आहे, ते बघायचं. बरं होणारं नाक कमीजास्त होत का होईना, पण ओसरत जातं. ओसरलेलं दुखणं, सूज किंवा ताप पुन्हा चढायला लागला की डॉक्टरांना फोन करायचा. काही मोजक्या गोष्टींना मात्र ही कसोटी लावत बसायचं नाही, त्या पुढे वेगळ्या दिल्या आहेत.

दवाखान्यातून निघण्याआधी

"नाकाचं ऑपरेशन" या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. मधला वाकडा पडदा सरळ करतात ती सेप्टोप्लास्टी. आतल्या भिंतींवरचे मांसल उंचवटे, म्हणजे टर्बिनेट, वाढले असतील तर ते लहान करतात. दुर्बिणीतून सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडं मोकळी करतात, पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या मऊ गाठी, काढतात. आणि नाकाचा बाहेरचा आकार बदलतात ती ऱ्हायनोप्लास्टी. पुष्कळदा यातल्या दोन गोष्टी एकाच वेळी होतात. त्यामुळे ओळखीतल्या कुणाचं नाक आठवड्यात मोकळं झालं म्हणून तुमचंही होईल, असं धरून चालू नका.

घरी निघताना कागदावर पाच उत्तरं लिहून घ्या. नाकात आत्ता काय काय ठेवलं आहे आणि ते कोण, कधी काढणार? कुठल्या गोळ्या चालू ठेवायच्या, कुठल्या बंद? नाक धुणं कधीपासून? रक्त आलं तर नाक दाबायला परवानगी आहे का? आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला? भुलेच्या गुंगीत ऐकलेलं सकाळी आठवत नाही, म्हणून सोबतच्या माणसालाच लिहायला बसवा.

या लेखातले दिवस आणि आठवडे साधारण आहेत. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. नाकात नेमकं काय केलं, हे त्यांनाच ठाऊक आहे.

पहिले दोन-तीन दिवस

नाकातून गुलाबी-लालसर पाणी झिरपत राहणार. नाकाखाली गॉजची घडी चिकटवलेली असते, ती भिजली की बदलायची. पहिल्या दिवशी ती वारंवार बदलावी लागली तरी चालेल, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी वेळा लागायला हवी. वरची कसोटी इथेच पहिल्यांदा उपयोगी पडते. घडी बदलून पाच-दहा मिनिटांत लालभडक चिंब होत असेल, तर तो झिरपा नव्हे, रक्तस्राव आहे.

काही रक्त घशामागून पोटात जातं. त्यामुळे मळमळ होते, एखादी काळपट उलटी होते, पुढच्या एक-दोन दिवसांत शौचाला काळसर होऊ शकतं. हे जुनं, गिळलेलं रक्त असतं. घशात उतरणारं रक्त गिळण्यापेक्षा हलकेच थुंकून टाकलेलं बरं. घसा दुखतो तो भुलेच्या वेळी घातलेल्या नळीने, एक-दोन दिवसांत थांबतो.

झोपताना डोकं छातीपेक्षा उंच हवं, साधारण ३० ते ४५ अंशांत. एका उशीवर दुसरी ठेवली तर फक्त मान वाकते. पाठीपासून उतार करा, नाहीतर आरामखुर्चीत झोपा. निदान पहिला आठवडा असंच. झोपेत नाक बंद असल्याने तोंडाने श्वास चालतो आणि दर दोन तासांनी घशाला कोरड पडून जाग येते. उशाशी पाणी, ओठांना लावायला व्हॅसलिन, आणि खोलीत हवा ओलसर ठेवणारं यंत्र असेल तर तेही. या रात्री वाईट जातात, पण त्या फार नसतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांनी रक्त गोठणं मंदावतं, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती कधी बंद आणि कधी सुरू, हे ज्यांनी ती दिली ते आणि नाकाचे सर्जन, दोघांनी मिळून ठरवायचं असतं. तुम्ही स्वतः नाही.

खाणं मऊ आणि कोमट. वाफाळतं काहीही नको, कढत पाण्याची आंघोळ नको. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. याच कारणाने मनाने वाफ घेणंही टाळा, नाक चोंदलंय म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी.

आता शिंक. शिंक येणारच, कारण आत सगळं हुळहुळं झालेलं असतं. ती दाबायची नाही. नाक चिमटीत धरून शिंक आत जिरवली, तर सगळा दाब ताज्या जखमेवर येतो. तोंड मोठं उघडा, जीभ खाली ठेवा आणि "हा" असा आवाज करत ती तोंडावाटे सोडा. आणि नाक शिंकरायचं नाही, निदान एक ते दोन आठवडे तरी, सायनसचं ऑपरेशन असेल तर सांगतील तितके दिवस. शिंकरण्याची ऊर्मी आवरायला सगळ्यात कठीण जाते, कारण आत काहीतरी अडकलंय असं सतत वाटतं. जे अडकलंय ती बहुतेक सूज आहे, आणि सूज शिंकरून बाहेर येत नाही.

पोट साफ होणं, याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. जोरदार वेदनाशामकं, कमी खाणं आणि पडून राहणं यांनी मलावरोध होतो. माणूस कुंथतो, डोक्यात दाब चढतो आणि नाकातून धार लागते. पाणी भरपूर प्या आणि गरज वाटली तर पोट साफ करणारं सौम्य औषध आधीच विचारून ठेवा. खाली वाकून बुटाची नाडी बांधणं, बादली उचलणं, मूल कडेवर घेणं, हेही काही दिवस दुसऱ्यांवर सोपवा. घरातल्या घरात हळू चालणं मात्र पहिल्या दिवसापासून चांगलं.

बोळे आणि पट्ट्या निघतात तेव्हा

नाकात काय ठेवतात ते ऑपरेशनवर आणि सर्जनच्या सवयीवर अवलंबून असतं. रक्त थांबवायला घातलेले बोळे बहुधा २४ ते ४८ तासांत काढतात. काही बोळे आपोआप विरघळणारे असतात, ते चिकट जेलीसारखे तुकडे होऊन बाहेर पडतात आणि माहीत नसेल तर भीती वाटते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना आधार म्हणून सिलिकॉनच्या पट्ट्या, म्हणजे स्प्लिंट, ठेवल्या असतील तर त्या साधारण आठवड्याभराने निघतात.

या काढण्याची धास्ती ऑपरेशनपेक्षा मोठी असते, म्हणून काय होतं ते सांगतो. खुर्चीत बसवतात. कधी आधी बधिर करणारा स्प्रे मारतात. नाकपुडीच्या तोंडाशी, पडद्यातून आरपार गेलेला एक टाका असतो, तो कात्रीने कापतात. मग चिमट्याने पट्टी सरळ बाहेर. आत एवढं काही होतं यावर विश्वास बसत नाही: बोटाएवढी लांब, पातळ पट्टी, वाळलेलं रक्त आणि घट्ट शेंबूड तिला लागलेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, ते नाकाला धक्का लागल्यावर आपोआप येतंच. काही सेकंदांत दुसरी बाजू. आणि मग पहिला श्वास, थंड हवा थेट कपाळापर्यंत गेल्यासारखा. कुणाला चक्कर येऊ शकते, त्यामुळे लगेच उठू नका आणि रिकाम्या पोटी जाऊ नका.

इथे एक फसगत ठरलेली. खुर्चीत मोकळं झालेलं नाक संध्याकाळपर्यंत पुन्हा बंद. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, तसं आतलं अस्तर सुजून जागा व्यापतं. ऑपरेशन वाया गेलं असं ठरवायला हा दिवस फार लवकरचा आहे. पडदा सरळ केलेल्यांना श्वासातला खरा फरक तीन-चार आठवड्यांनी जाणवू लागतो, आणि अस्तर पूर्ण निवायला काही महिने जातात.

नाक धुणं

सायनसच्या ऑपरेशननंतर हेच मुख्य औषध, आणि पडद्याच्या ऑपरेशननंतरही बहुधा सांगतातच. डॉक्टर म्हणतील त्या दिवसापासून सुरू करा, आधी नको.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण हलगर्जीपणा होतो तो इथेच. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. क्वचित पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर जवळजवळ नेहमी जीव जातो. पाणी निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड घ्या, नाहीतर खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या (२००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटं) आणि झाकून कोमट होऊ द्या.

मीठ किती? साधारण २४० मिलीला २ ग्रॅम, म्हणजे लहान चमचा अर्ध्याहून थोडा कमी. आयोडीन नसलेलं मीठ घ्या. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की चरचर कमी होते. तयार पुड्या मिळत असतील तर उत्तम, मापाची भानगड नाही. मीठ न घातलेलं साधं पाणी जास्त झोंबतं, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

मग असं करा:

१. बेसिनवर पुढे वाका आणि डोकं किंचित एका बाजूला कलतं करा. सुरुवातीच्या दिवसांत फार खाली वाकू नका.
२. तोंड उघडं ठेवून "आऽ" म्हणत राहा, म्हणजे पाणी घशात कमी उतरतं.
३. बाटलीचं टोक वरच्या नाकपुडीच्या कडेला टेकवा, आत खुपसू नका, आणि बाटली हळूच दाबा.
४. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून येईल, त्याच नाकपुडीतून येईल किंवा तोंडातून येईल. पहिले काही दिवस दुसरीकडून येणारच नाही. जोर वाढवू नका.
५. नंतर शिंकरू नका. डोकं खाली ठेवून पाणी गळू द्या.
६. बाटली धुऊन, उघडी ठेवून वाळवा. ओली बाटली झाकण लावून ठेवली तर पुढच्या वेळी जंतूंचंच पाणी नाकात जाईल.

धुताना तपकिरी खपल्या, रक्ताचे काळपट धागे, कधी अख्ख्या नाकपुडीच्या आकाराचा गोळा बाहेर येतो. बघायला ओंगळ, पण बाहेर आला हे चांगलंच झालं. सायनसवाल्यांना डॉक्टरही पुढच्या एक-दोन आठवड्यांत बोलावून दुर्बिणीतून खपल्या साफ करतात. त्या फेऱ्या चुकवू नका. खपल्या राहिल्या तर त्यांच्याखाली दोन भिंती एकमेकींना चिकटतात आणि मोकळं केलेलं तोंड पुन्हा बंद होतं.

दुसरा आठवडा

आता बरं वाटतं, आणि म्हणूनच या आठवड्यात माणूस सैल पडतो. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपल्या सुटतात आणि तेव्हा उशिराचं रक्त येऊ शकतं. खपली नखाने काढली, जड उचललं किंवा जोरात शिंकरलं की हमखास.

रक्त आलं तर बसा, पुढे झुका आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० ते १५ मिनिटं दाबा. दर मिनिटाला सोडून बघायचं नाही. डोकं मागे टाकायचं नाही, तसं केल्याने रक्त थांबत नाही, फक्त पोटात जातं. आकाराचं ऑपरेशन झालं असेल तर दाबायचं की नाही, ते आधी विचारून ठेवलेलं असायला हवं. डॉक्टरांनी रक्त थांबवणारा स्प्रे दिला असेल तर तो वापरा. १५-२० मिनिटांत थांबलं नाही, किंवा पहिल्यापासूनच धार लागली असेल, तर निघा.

चोंदणं या आठवड्यात बाजू बदलतं. सकाळी डावी बंद, दुपारी उजवी. निरोगी नाकातही अस्तर आलटून पालटून दर काही तासांनी फुगतं, एरवी ते लक्षात येत नाही. सुजलेल्या नाकात तेच ठळक जाणवतं.

दुकानातून नाक मोकळं करणारा स्प्रे आणण्याचा मोह याच दिवसांत होतो. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन असलेले हे स्प्रे तीन-पाच दिवसांपेक्षा जास्त मारले, तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. डॉक्टरांनी मोजून दिला असेल तेवढाच वापरा. खारं पाणी कितीही वेळा चालतं.

इथे वाट बघायची नाही

या यादीतलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घेऊ नका. त्याच वेळी फोन करा, फोन लागला नाही तर थेट तातडीच्या विभागात जा.

नाक दोन्ही बाजूंनी अचानक पूर्ण बंद होऊन ठणकायला लागलं, शेंडा हात लावू देत नाही. पडद्यात रक्त साठल्याचं हे लक्षण असू शकतं. पडद्याच्या कुर्चेला, म्हणजे त्यातल्या लवचिक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण तिला चिकटलेल्या पातळ आवरणातून होतं. मध्ये रक्त साठलं की आवरण सुटतं आणि काही दिवसांतच कुर्चा मरू लागते. पू झाला तर त्याहूनही लवकर. पुढे त्यातून पडद्याला भोक पडतं किंवा नाक मधून बसतं. वेळेत गेलात तर ते रक्त काढून टाकता येतं.

एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब-थेंब, पुढे वाकल्यावर जास्त, चवीला खारट. सोबत डोकेदुखी. नाक धुतल्यावर तासा-दोन तासांनी उरलेलं पाणी एकदम गळतं ते वेगळं, ते थांबतं. न थांबणारं पाणी मेंदूभोवतीचं असू शकतं, विशेषतः सायनसच्या ऑपरेशननंतर. मान आखडली किंवा उजेड सहन होईना झाला तर आणखी घाई.

दिसायला कमी होणं, एकाचे दोन दिसणं, एखादा डोळा फुगून पुढे आल्यासारखा होणं. आकाराच्या ऑपरेशननंतर डोळ्यांखाली काळंनिळं होतं आणि पापण्या सुजतात, ते अपेक्षित आहे. नजर बदलणं अपेक्षित नाही.

खूप ताप, अंगावर उन्हाने भाजल्यासारखा लालसर पुरळ, उलट्या-जुलाब, उभं राहिल्यावर घेरी, आणि नाकात बोळे. टॉक्सिक शॉक नावाचा हा प्रकार दुर्मिळ आहे, पण झाला तर काही तासांत माणूस खालावतो.

१०१ फॅरनहाइटच्या वर चढून न उतरणारा ताप, किंवा दुर्गंधीयुक्त पू आणि वाढत चाललेलं दुखणं, यांसाठीही त्याच दिवशी फोन हवा.

घाबरवतात, पण बहुधा साधं असतं

वरचे पुढचे दात आणि त्यांच्यामागची टाळू बधिर वाटते. पडद्याच्या तळाशी एक बारीक नस टाळूपर्यंत जाते, ती ऑपरेशनमध्ये दुखावते. काही आठवडे ते काही महिन्यांत संवेदना परतते. नाकाचा शेंडाही असाच बधिर राहू शकतो. वरचा ओठ ताठर होतो, हसू नेहमीसारखं उमटत नाही, तेही सैलावतं.

वास येत नाही आणि त्यामुळे चवही जाते. वास घेणारी जागा नाकाच्या छताशी आहे, सूज असेपर्यंत हवा तिथे पोचतच नाही. काही आठवड्यांत फरक पडायला हवा. तोवर गॅस सुरू राहिला किंवा अन्न खराब झालं तर तुम्हाला कळणार नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.

मन उदास होणं, विनाकारण रडू येणं. भूल, अपुरी झोप, कोंडलेलं नाक आणि आरशातला सुजलेला चेहरा, एवढं सगळं एकत्र आल्यावर ते होणारच. एक-दोन आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

रोजचं आयुष्य परत कधी

बैठं काम एक-दीड आठवड्याने जमतं. धावणं, वजन उचलणं पडद्याच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांनी, हाडाला हात लावला असेल तर चार-सहा आठवड्यांनी. चेंडू किंवा कोपर तोंडावर बसू शकेल असे खेळ त्याहून उशिरा. पोहणं आणि विमानप्रवास विचारूनच. सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. घरातल्या दुसऱ्याची सिगारेटसुद्धा नको. घोरण्यासाठी रात्री सीपॅप मशीन लावत असाल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा. त्याची हवा दाबाने नाकात जाते, ते पुन्हा कधी लावायचं हा निर्णय तुमचा नव्हे.

नाकाची हाडं हलवली असतील तर चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, हाडं त्या जागी दबून बसतात. कपाळाला टेपने अडकवतात किंवा लेन्स वापरतात. टी-शर्टऐवजी पुढून बटणांचे कपडे घाला, गळ्यातून काढताना नाकाला धक्का बसतो.

आरसा

हा भाग आकाराचं ऑपरेशन झालेल्यांसाठी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्या दिवशी आरसा बघून काही ठरवू नका. गालांवर आणि डोळ्यांभोवती थंड पट्ट्या ठेवा, नाकावर थेट वजन नको. काळंनिळं दहा ते चौदा दिवसांत पिवळं पडून जातं. बाहेरचं प्लास्टर साधारण आठवड्याने निघतं, आणि खालचं नाक रुंद, तेलकट, शेंड्याला उचललेलं दिसतं. ते तुमचं नवीन नाक नव्हे, त्यावरची सूज आहे. पहिल्या महिन्यात बरीचशी ओसरते. शेंड्याची मात्र वर्षभर रेंगाळते, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. सकाळी नाक जड आणि संध्याकाळी हलकं, हेही महिनोन्महिने चालतं. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन वर्षभर ठेवा, ताज्या व्रणावर ऊन लागलं की तो काळवंडतो.

रोज फोटो काढू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून काढा. फोन जवळ धरून काढलेल्या सेल्फीत नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

आकार आवडला नाही तर दुरुस्तीचं ऑपरेशन बहुतेक सर्जन वर्ष उलटेपर्यंत करत नाहीत, कारण तोवर नेमकं काय दुरुस्त करायचं ते दिसतच नाही. श्वासाचं तसं नाही. तीन महिन्यांनीही एक बाजू सतत बंद असेल, श्वास घेताना शिट्टी वाजत असेल, किंवा खपल्या आणि रक्त पुन्हापुन्हा येत असेल, तर वर्षाची वाट न बघता दुर्बिणीने तपासून घ्या. पडद्याला भोक पडलंय, भिंती चिकटल्यात की ॲलर्जीची सूज आहे, हे त्या पाच मिनिटांच्या तपासणीत कळतं, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.